वेतुस: एका लॅटिन विशेषणात दडलेलं वर्ष

लॅटिन शिकताना पहिल्या काही आठवड्यांत 'नोवुस' म्हणजे 'नवा' हे विशेषण येतं. नोवुस, नोवा, नोवुम. संस्कृतातले नवः, नवा, नवम् शेजारी ठेवले की काही पाठ करावं लागत नाही. मराठीतही नवा, नवी, नवं आहेच. मग त्याच ओघात 'जुना' या अर्थाचा शब्द भेटतो, 'वेतुस', आणि त्याचाही शेवट 'उस'. साहजिकच हात पुढे चालतो: वेतुस, वेता, वेतुम. ही सगळ्यात हमखास होणारी चूक. 'वेता' किंवा 'वेतुम' अशी रूपं या विशेषणाला नाहीतच.

वेतुस प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांत वेतुसच राहतो. जुना मित्र म्हणजे 'वेतुस अमीकुस', जुना रस्ता म्हणजे 'वेतुस विआ' (लॅटिनमध्ये विआ स्त्रीलिंगी आहे) आणि जुनं मंदिर म्हणजे 'वेतुस तेम्प्लुम'. मराठीत आपण हे रोज करतो. नवा-नवी-नवं बदलतं, पण लाल सदरा, लाल साडी, लाल फूल यांत 'लाल' हलत नाही. तेव्हा प्रथमेपुरतं लक्षात ठेवायचं तर नोवुस हा 'नवा'च्या जातीचा, वेतुस 'लाल'च्या जातीचा. पण 'लाल' पुढच्या विभक्त्यांतही तसाच राहतो, वेतुस राहत नाही. खरी मजा तिथे सुरू होते.

शब्दकोशात नोवुसपुढे स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शेवट दिलेले असतात. वेतुसपुढे मात्र 'वेतेरिस' हे षष्ठी एकवचन दिलेलं असतं. ही खूण वाचायला शिकणं फार महत्त्वाचं. षष्ठी दिली आहे म्हणजे विशेषण तिसऱ्या गणातलं (गण म्हणजे शब्द चालवण्याचा ठरलेला साचा), आणि प्रथमेवरून त्याचं अंग कळत नाही म्हणूनच ती दिली आहे. षष्ठीतून 'इस' काढा, उरलं 'वेतेर'. प्रथमा एकवचन (आणि नपुंसकलिंगाची द्वितीया, तसंच संबोधन) सोडलं तर बाकीची सगळी रूपं या 'वेतेर'वर उभी आहेत.

आता रूपं. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग पूर्णपणे सारखे चालतात.

एकवचन: प्रथमा वेतुस, द्वितीया वेतेरेम, षष्ठी वेतेरिस, चतुर्थी वेतेरी, पंचमी वेतेरे, संबोधन वेतुस.

अनेकवचन: प्रथमा, द्वितीया आणि संबोधन वेतेरेस, षष्ठी वेतेरुम, चतुर्थी आणि पंचमी वेतेरिबुस.

नपुंसकलिंगात फक्त दोन जागी फरक आहे. एकवचनाची द्वितीया प्रथमेसारखीच, म्हणजे वेतुस. अनेकवचनाची प्रथमा, द्वितीया, संबोधन वेतेरा. बाकी सगळं वरच्यासारखं. लॅटिन पंचमी ही आपल्या तृतीयेचं आणि बऱ्याच अंशी सप्तमीचंही काम करते, त्यामुळे 'वेतेरे' हे रूप वाचनात वरचेवर येतं.

उच्चाराबद्दल थोडं. देवनागरीत ऱ्हस्व ए वेगळा लिहिता येत नाही, पण इथले सगळे ए ऱ्हस्व आहेत. अपवाद एकच, 'वेतेरेस'मधला शेवटचा ए, तो दीर्घ. 'वेतेरी'तली ई अर्थातच दीर्घ. आघात बहुतेक रूपांत पहिल्या 'वे'वर पडतो. 'वेतेरिबुस'मध्ये तो 'ते'वर सरकतो, कारण लॅटिन आघात शेवटून तिसऱ्या अक्षराच्या मागे जात नाही.

ज्यांनी तिसऱ्या गणातली नेहमीची विशेषणं आधी पाठ केली आहेत, त्यांना या रूपांत काहीतरी खटकायला हवं. 'इंगेन्स' म्हणजे 'प्रचंड' हे विशेषण घ्या. त्याची पंचमी साधारणपणे इंगेन्ती, अनेकवचनी षष्ठी इंगेन्तिउम, नपुंसक अनेकवचन इंगेन्तिआ. तिन्ही ठिकाणी एक इकार डोकावतो. वेतुसमध्ये नेमका तोच गायब आहे: वेतेरी नाही, वेतेरे, वेतेरिउम नाही, वेतेरुम, वेतेरिआ नाही, वेतेरा. परीक्षेत गुण जातात ते या तीन जागी. कारण तिसऱ्या गणातली बहुतेक विशेषणं इकारान्त अंगांच्या वळणावर गेली, आणि वेतुस मात्र व्यंजनान्त राहिला. व्यंजनान्त रूपं ही मुळात नामांची चाल: राजा या अर्थाच्या 'रेक्स'ची पंचमी रेगे, अनेकवचनी षष्ठी रेगुम.

अशी हट्टी विशेषणं आणखी थोडी आहेत. पाउपेर (गरीब), दीवेस (श्रीमंत), प्रिन्केप्स (पहिला, प्रमुख), पार्तिकेप्स (सहभागी), कोम्पोस (ताबा असलेला), सुपेर्स्तेस (मागे उरलेला), सोस्पेस (सुखरूप). यादी नुसती वाचली तरी दिसतं की हे शब्द माणसांना लावायचे आहेत आणि जवळजवळ नामांसारखे वापरले जातात: गरीब म्हणजे गरीब माणूस, प्रमुख म्हणजे प्रमुख व्यक्ती. म्हणूनच त्यांची रूपं नामांसारखी, आणि म्हणूनच त्यांना नपुंसक अनेकवचनाची फारशी गरजही पडत नाही. वेतुस या यादीत वेगळा पडतो. तो वस्तूंनाही सर्रास लागतो आणि 'वेतेरा' हे रूप नेहमीच्या वापरातलं आहे. ऱ्हाइन नदीकाठी, आजच्या क्सान्टेन गावाजवळ, रोमन सैन्याचा एक मोठा तळ होता, कास्त्रा वेतेरा. 'कास्त्रा' म्हणजे छावणी, हा शब्द नपुंसकलिंगी आणि कायम अनेकवचनी, म्हणून 'वेतेरा'. तळाला नुसतं 'वेतेरा'ही म्हणत.

मग वस्तूंना लागणारं हे साधं विशेषण नामांच्या चालीनं का चालतं? व्युत्पत्तीचं उत्तर सरळ आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं: कारण ते मुळात नामच होतं. त्याचा अर्थ होता 'वर्ष'.

ग्रीकमध्ये वर्षाला 'एतोस' म्हणतात. काही बोलींत तो 'वेतोस' असा जपला गेला आणि प्राचीन ग्रीसमधल्या मायसिनीच्या काळच्या मातीच्या पाट्यांवर 'वे-तो' असा लिहिलेला सापडतो. आजच्या तुर्कस्तानात एके काळी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत 'वित्त' म्हणजे वर्ष, अल्बेनियनमध्ये 'वित'. आणि आपल्याकडे वत्सर, संवत्सर. संस्कृतातलं 'परुत्' म्हणजे गेल्या वर्षी, त्यातला शेवटचा 'उत्' हादेखील याच धातूचा आक्रसलेला तुकडा. 'वत्स' म्हणजे मूळ अर्थानं वर्षाचं पोर, त्यावरून वासरू. लॅटिनमधला वासराचा शब्द 'वितुलुस' बहुधा याच कुळातला आहे.

लॅटिननं वर्षासाठी 'आन्नुस' हा दुसराच शब्द घेतला. जुना शब्द नाम म्हणून बेकार झाला. पण 'वर्षं असलेला, वर्षं झालेला' या अर्थानं तो इतर नामांना चिकटून राहिला आणि तिथेच विशेषण बनला. 'वर्षं झालेली दारू', 'वर्षं झालेला मित्र' अशा वापरातून अर्थ 'जुना' असा स्थिरावला. नामाला लिंगानुसार वेगळी प्रथमा नसते, तशी वेतुसलाही आली नाही. तिन्ही लिंगांत एकच रूप का, आणि पंचमीत ई ऐवजी ए का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यामुळे एकच आहे.

'उस' असूनही अंग 'वेतेर' कसं? हे समजायला संस्कृत येणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. संस्कृतात मनस्, नभस्, तेजस् अशी सकारान्त नपुंसकलिंगी नामं आहेत: मनः, मनसः. हाच गण लॅटिनमध्येही आहे. गेनुस, गेनेरिस (कुळ, जात) म्हणजे संस्कृत जनस्. ओपुस, ओपेरिस (काम) म्हणजे वैदिक अपस्. वेतुस, वेतेरिस याच साच्यातला. दोनच गोष्टी घडल्या आहेत.

पहिली स्वराची. लॅटिन आणि संस्कृत या दोन्हींच्या सामाईक मूळ भाषेत प्रथमेला 'ओस' आणि इतर विभक्त्यांत 'एस' अशी अदलाबदल होती. संस्कृतात ओ आणि ए दोन्ही अकारात मिसळले, म्हणून मनस् सगळीकडे मनस् दिसतो. लॅटिननं फरक टिकवला. शेवटच्या 'ओस'चं पुढे 'उस' झालं आणि वेतुस तयार झाला. नोवुसमधला 'उस' वेगळा: तिथे 'नोवो' हे अंग आणि 'स' हा प्रथमेचा प्रत्यय. वेतुसमधला 'स' प्रत्ययाचा नाही, तो शब्दाच्या अंगाचा आहे. दोन शब्दांचे शेवट ऐकायला सारखे, पण ते सारखेपण केवळ योगायोगाचं.

दुसरी गोष्ट सकाराचा रकार. दोन स्वरांमध्ये आलेला स लॅटिनमध्ये आधी सघोष, म्हणजे इंग्रजी झेडसारखा झाला आणि मग र झाला. वेतेसिस असं काहीसं जे रूप होतं त्याचं वेतेरिस झालं. प्रथमेत स शब्दाच्या टोकाला होता, दोन स्वरांच्या मध्ये नव्हता, म्हणून वाचला. हा बदल इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरा झाला असावा. रोमन वक्ता किकेरोनं (सिसेरो) एका पत्रात सांगितलं आहे की पापीरिउस घराणं आधी स्वतःला पापीसिउस म्हणवत असे, आणि त्याच शतकातल्या लूकिउस पापीरिउस क्रास्सुसपासून ते बंद झालं. त्याहून जुना पुरावा दगडावर आहे. रोमच्या दक्षिणेकडच्या सात्रिकुम या प्राचीन गावी 1977 साली सापडलेल्या, इ.स.पू. 500 च्या सुमाराच्या शिलालेखात 'वालेसिओसिओ' असं नाव कोरलं आहे. पुढच्या काळात हेच कुलनाम 'वालेरिउस' म्हणून ओळखलं जातं.

आपल्याला स आणि र यांचं हे नातं परकं वाटायचं कारण नाही. आयुस् पासून आयुष्य आणि आयुर्वेद, धनुस् पासून धनुष्य आणि धनुर्धर. संस्कृतात हे संधीत, दोन पदांच्या सांध्यावर घडतं, लॅटिनमध्ये शब्दाच्या पोटात घडलं. नियम वेगळे, पण सघोष वर्णांच्या शेजारी स चा र होण्याकडे जिभेचा जो कल आहे तो सारखाच.

या सकाराची खात्री करून घ्यायची असेल तर 'वेतुस्तुस' हा शब्द पाहा. अर्थ तोच, 'फार जुना'. इथे स च्या पुढे त आहे, स्वर नाही, म्हणून रकार झाला नाही आणि मूळ स जसाच्या तसा उरला. ओनुस, ओनेरिस (ओझं) पासून ओनुस्तुस (लादलेला) हे त्याच ठशाचं.

सगळ्यात जवळची जोड मात्र वेनुसची. वेनुस, वेनेरिस. रूपं वेतुस, वेतेरिसशी अक्षरशः यमक जुळवतात. हाही मुळात सकारान्त नपुंसकलिंगी नाम, अर्थ 'लोभ, मोहकता', संस्कृत वनस् चा भाऊ. तो देवीचं नाव होऊन स्त्रीलिंगी झाला, पण रूप बदललं नाही. एक नपुंसक नाम देवी झालं, दुसरं विशेषण झालं. दोघांनी द्वितीया मात्र नवी घेतली: वेनेरेम, वेतेरेम. नपुंसक नाम राहिले असते तर द्वितीया प्रथमेसारखीच असती. पाठांतरासाठी ही जोडी फार कामाची आहे: वेनुस, वेनेरेम, वेनेरिस, वेनेरी, वेनेरे म्हणता आलं की 'न'च्या जागी 'त' घातला, एकवचन झालं.

आता वाचताना कुठे पाय घसरतो ते. तीन रूपं विशेष फसवी आहेत, कारण ती नोवुसच्या चालीची वाटतात. 'वेतेरा' हे 'नोवा'सारखं स्त्रीलिंगी एकवचन वाटतं, पण ते नपुंसक अनेकवचन. 'वेतेरुम' हे 'नोवुम'सारखी द्वितीया वाटते, पण ती अनेकवचनी षष्ठी: 'जुन्यांचा'. 'वेतेरी' हे 'नोवी'सारखं अनेकवचन वाटतं, पण ती एकवचनी चतुर्थी. वाक्य जुळत नसेल तर आधी या तिघांवर संशय घ्या.

लिहिताना होणारी चूक उलटी असते. विशेषणाचं नामाशी लिंग, वचन आणि विभक्ती यांत जुळायला हवं, शेवटचा आवाज जुळायला हवा असं नाही. मन सारखं यमकाकडे ओढतं, आणि त्यावर इलाज एकच: दोन वेगळ्या गणांतले शब्द एकत्र चालवून सवय करणं. वेतुस अमीकुस, वेतेरेम अमीकुम, वेतेरिस अमीकी, वेतेरी अमीको, वेतेरे अमीको. अनेकवचनात वेतेरेस अमीकी, वेतेरेस अमीकोस, वेतेरुम अमीकोरुम, वेतेरिबुस अमीकीस. अमीकुसची चतुर्थी आणि पंचमी दिसायला एकच, त्यामुळे 'वेतेरी अमीको' आणि 'वेतेरे अमीको' यांतला भेद फक्त विशेषणावर ठरतो. हे मोठ्यानं म्हणा, मग विआ आणि तेम्प्लुम घेऊन तेच करा. रोज एकदा, आठवडाभर, एवढं पुरतं.

बायबलच्या दोन भागांची लॅटिन नावं या बाबतीत चांगली कसोटी आहेत: वेतुस तेस्तामेन्तुम, नोवुम तेस्तामेन्तुम. नाम एकच, नपुंसकलिंगी. नोवुम जुळलेलं दिसतं, वेतुस न जुळलेलं वाटतं, आणि दोन्ही बरोबर. षष्ठीत वेतेरिस तेस्तामेन्ती, नोवी तेस्तामेन्ती. पंचमीत नियमानं 'वेतेरे', पण चर्चच्या लॅटिनमध्ये 'इन वेतेरी तेस्तामेन्तो' असंही भरपूर सापडतं. इतर विशेषणांच्या ई-पंचमीचा तो प्रभाव. जुन्या कवींतही 'वेतेरी' ही पंचमी क्वचित दिसते. वाचताना ती ओळखावी, स्वतः लिहिताना 'वेतेरे'च लिहावं.

तर-तम रूपांत एक छोटी गाठ आहे. 'अधिक जुना'साठी वेतुस्तिओर, हे वेतुस्तुसपासून. वेतेरिओर असं रूप प्राचीन लेखनात आहे, पण रुळलं नाही. 'सर्वांत जुना' मात्र वेतेर्रिमुस. 'र्रिमुस' हा शेवट प्रथमेत 'एर' असलेल्या विशेषणांचा, जसं पुल्केर (सुंदर), पुल्केर्रिमुस. वेतुसला तो मिळाला कारण 'वेतेर' अशी प्रथमाही एके काळी चालू होती, एन्निउससारख्या आरंभीच्या कवीनं ती वापरलेली आहे. इतर रूपांतला र प्रथमेतही शिरला होता, पण टिकला नाही.

अर्थाबाबत मराठी माणसाला उपजत सोय आहे. 'वेतुस अमीकुस' म्हणजे जुना मित्र, म्हातारा मित्र नव्हे. वयासाठी 'सेनेक्स'. पूर्वीच्या काळचं, प्राचीन यासाठी 'अंतीकुउस', जो 'आन्ते' म्हणजे 'आधी' पासून आला. वेतुस म्हणजे बराच काळ आहे आणि अजूनही आहे. 'जुना' या आपल्या शब्दाला नेमकी हीच छटा आहे, तेव्हा भाषांतर करताना 'प्राचीन'कडे धावायचं कारण नाही. 'वेतेरेस' नुसता आला तर तो पूर्वसूरी, जुने लेखक या अर्थी. पुढे षष्ठी आली तर अर्थ 'मुरलेला'. रोमन इतिहासकार ताकितुस एका अनुभवी सैनिकी अधिकाऱ्याबद्दल 'वेतुस ओपेरिस आक लाबोरिस' म्हणतो: कामात आणि कष्टात मुरलेला. या चार शब्दांत वेतुस आणि ओपुस, दोन सकारान्त भावंडं शेजारी बसली आहेत, एकाचा स शाबूत, दुसऱ्याचा र झालेला.

बोलीभाषेला मात्र हे सगळं जड गेलं. लोकांनी वेतुसचं लघुरूप 'वेतुलुस' पसंत केलं, कारण ते वेतुलुस, वेतुला, वेतुलुम असं नोवुससारखं सरळ चालतं. उच्चारात ते आणखी आक्रसलं. आपेंडिक्स प्रोबी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शुद्धलेखनाच्या यादीत बजावलं आहे की वेतुलुस म्हणावं, वेक्लुस नव्हे, आणि लगेच पुढे, वितुलुस म्हणावं, विक्लुस नव्हे. 'जुना' आणि 'वासरू' एकाच चुकीपायी शेजारी आले. लोकांनी ऐकलं नाही. त्या वेक्लुसपासूनच इटालियन वेक्कियो, स्पॅनिश व्हिएहो, पोर्तुगीज व्हेल्यु, फ्रेंच व्ह्यो, रोमेनियन वेकी आले.

मूळ वेतुस गावांच्या नावांत अडकून राहिला. इटलीतलं ऑर्व्हिएतो म्हणजे उर्ब्स वेतुस, जुनं नगर. स्पेनमधल्या सागुंतोचं पूर्वीचं नाव मुर्व्हिएद्रो, त्यातले 'मुर' म्हणजे भिंती आणि 'व्हिएद्रो' म्हणजे वेतेर. स्पेनच्याच गॅलिशिया प्रांतातलं पोंतेव्हेद्रा म्हणजे जुना पूल. लॅटिनमध्ये पूल, 'पोन्स', पुल्लिंगी होता, गॅलिशियनमध्ये 'पोंते' स्त्रीलिंगी झाला, आणि विशेषणाला शेवटी आ लागला. म्हणजे तिथल्या लोकांनी 'वेतेरा' हे स्त्रीलिंगी एकवचन धरलं, जे अभिजात लॅटिनमध्ये कधीच नव्हतं.